मस्कतचा दाणा

गंधारला कायमचं राहायला एक देश निवडायचा होता आणि तो निवडायला तो वरवट बकालला आला होता. लोक अशा कामासाठी मुंबईच्या वकिलाकडे जातात म्हणे. हा बायकोला आणि मुलगी गार्गीला घेऊन पुण्याहून रात्रभराच्या बसने खामगावला उतरला आणि तिथून आमच्याकडे आला. पण त्याचंही बरोबर होतं. अक्षय तृतीयेला जोडून सुट्टी होती, आणि बापाला तोंडावर न सांगता देश सोडावा एवढा तो अजून मोठा झालेला नव्हता.

बाप म्हणजे पंजाबराव, माझे थोरले दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते. गंधारची आई गेली तेव्हापासून दोन घरांची चूल एकच आहे आणि ती माझ्याकडे आहे. त्यामुळे या घरातलं प्रत्येक ठरवणं माझ्या कानावरून जातं. मत कुणी विचारत नाही. पोळ्या काही त्याच्यासाठी थांबत नाहीत.

देश तीन होते. जर्मनी, कॅनडा आणि न्यूझीलंड. भाजी-फळं थंड ठेवायची मोठमोठी गोदामं असतात, त्यांची यंत्रणा गंधार आखतो. त्याच्या कंपनीची तिन्हीकडे कामं होती आणि साहेबाने सांगितलं होतं, सोमवारपर्यंत कळव. नुसतं नोकरीपुरतं जायचं नाही, तिथंच घर करायचं, तिथंच म्हातारं व्हायचं, अशी त्याची आणि रेवतीची बोलणी झालेली होती. म्हणजे बोलला गंधार. रेवती तेव्हा खोलीत होती.

रेवती त्याची बायको, साखरखेर्ड्याची. फिजिओथेरपिस्ट आहे. पडलेल्या, मोडलेल्या, आखडलेल्या माणसांना पुन्हा चालतं करते. पुण्यात तिच्याकडे म्हाताऱ्यांची रांग असते.

गंधारने मोबाइलवर एक तक्ता केला होता. हवा, शाळा, दवाखाना, शाकाहारी जेवण, शेजार, प्रत्येकाला दहापैकी गुण. दवाखान्याचे गुण तो दुप्पट धरत होता. त्याची आई अकोल्याच्या वाटेवर गाडीतच गेली, तेव्हा तो शेजारी बसलेला होता. त्यामुळे त्या रकान्यावर आमच्यापैकी कुणी थट्टा केली नाही. 'जोडीदाराला कामाची परवानगी' असाही एक रकाना होता, आणि तिथं तिन्ही देशांना दहापैकी दहा होते.

पितरांना वाढून झालं, अक्षय तृतीयेचं जेवण झालं, आमरस सगळ्यांच्या डोळ्यांवर आला आणि मंडळी ओसरीवर टेकली. भाऊजींनी पहिला प्रश्न टाकला.

"पानी गोडं हाय का थ्या देशाईत?"

आमच्याकडचं बोअरचं पाणी खारं. चहासुद्धा खारट लागतो. त्यामुळे भाऊजींना जगातला कुठलाही मुलूख आधी पाण्यावरून कळतो.

"तिन्हीकडे गोड आहे, बाबा. नळाचं थेट पिता येतं."

"मंग तिन्ही चांगले. आता काय पाहून राह्यला तू?"

आमचे हे, उद्धवराव, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. सगळे देश यांनी शिकवले, आपला सोडून एकही पाहिला नाही. यांना वर्षानुवर्षं कुणी काही विचारलं नव्हतं. ते सरसावून बसले.

"न्यूझीलंडले भूकंप असते, गंधार. ते ध्यानात घे. जर्मनी पक्का देश हाय. जमीन हालत नाई."

"कॅनडाचं नाव नको काढू रे बापू," समोरचे प्रेमानंद म्हणाले. ते पान खायला आले होते आणि त्यांचा मुलगा तिकडे असतो. "म्या सहा महिने राह्यलो. पोरगं सकायी उठून बर्फ काढे, संध्याकायी येऊन बर्फ काढे. म्या खिडकीतून पाहो. म्या म्हटलं, लेका, याच्यापरीस आपलं निंदन-खुरपन काय वाईट होतं?"

"मग तो परत का येत नाही?" गंधारने विचारलं.

"आता त्याले सवय झाली न बे. इथं आला का म्हनते, गरमी हाय."

सगळे हसले. मग यांनी रेवतीकडे मोर्चा वळवला. "अन् सूनबाई, तुमचं तं बरंच हाय. दोनेक वर्षं आराम. भाषा शिका, पोरीकडे पाहा, फिरा मोकळ्या. धावपळ करून करून वाळून गेल्या तुमी."

"हो ना," रेवती म्हणाली आणि ताटं उचलून आत आली.

 माझा उजवा खांदा गेल्या दिवाळीपासून आखडलेला आहे. वेणीसुद्धा घालता येत नाही. तिने हात धुतले, मला भिंतीसमोर उभं केलं आणि म्हणाली, "चला. बोटं भिंतीवर ठेवा. आता मुंगीसारखी वर चढवा. मुंगी घाई करत नाही. जाऊ द्या वर. दुखलं की मला सांगा, तोंड दाबून सोसू नका. सासुरवाशिणीसारखं वागायचं नाही माझ्यासमोर. हां, अजून एक बोट. त्या खिळ्यापर्यंत गेलात तर आज तुमची वेणी तुम्हीच घालणार."

मी खिळ्याच्या जरा खाली अडकले.

"उद्या जाल," ती म्हणाली. "मुंगी दमली."

मी सहज विचारलं, "हे मुंगीबिंगी जर्मनीत कसं सांगशील गं?"

तिने माझा हात हळूच खाली आणला. "तीन वर्षांनी सांगेन, काकू. आधी भाषेची परीक्षा, मग तिथला अभ्यास, मग त्यांनी माझा कागद मानला तर काम. तिन्हीकडे थोड्याफार फरकाने तेच. परवानगी पहिल्या दिवसापासून आहे. काम नाही."

मग तिने मला सांगितलं. मस्कतच्या एका क्लिनिकने तिला जागा देऊ केली होती. तिथली परीक्षा तिने मागच्या हिवाळ्यात दिली होती आणि पासही झाली होती. मुलाखत अर्धी इंग्रजीत झाली, अर्धी हिंदीत. तिथं येणारे निम्मे लोक आपल्याकडचेच. त्यांनाही उत्तर याच आठवड्यात पाहिजे होतं.

"गंधारले माहीत हाय?"

"परीक्षा दिली तेव्हा सांगितलं. जागा आली तेव्हाही सांगितलं. म्हणाला, बघू. मग तक्ता केला."

"अन् तक्त्यात मस्कत नाही."

"घातलं तर नापास होईल. तिथं आपण कायमचे कधीच होत नाही, काकू. काम आहे तोवर राहायचं, काम संपलं की उठायचं. घर आपलं नाही, गार्गी तिथली नाही. उन्हाळा तर खामगावला लाजवेल असा. हे सगळं मला कळतं."

"मग?"

"मग काय. सकाळी उठून कामावर जाता येईल." तिने ताटांवर पाणी सोडलं. "मी आता अडतीसची आहे. तीन वर्षं गप्प बसले तर माझे हात विसरतील."

 नवरा-बायकोच्या मधे बोलायची आमच्याकडे पद्धत आहे, भरपूर आहे. पण मला तिची बाजू पटत होती आणि गंधारची आईही आठवत होती. अशा वेळी मी भांडी घासते.

बाहेर तोवर वेगळंच निघालं होतं. गंधारने बेरीज केली तर कॅनडा मागे पडला आणि जर्मनी-न्यूझीलंड बरोबरीत आले. त्याने शेजाराचे गुण बदलून पाहिले, जेवणाचे बदलून पाहिले, तरी बरोबरीच. इंजिनिअर माणूस, बरोबरी त्याला बघवेना.

"घट मांडू मंग," भाऊजी म्हणाले.

भेंडवळ आमच्यापासून जवळच. तिथं अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोल रिंगण आखून कडेने धान्यांचे दाणे ठेवायचे, मधे खड्डा करून वर पाण्याची घागर, त्यावर पापड-कुरडया. रात्री तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे जाऊन बघायचं, कुठला दाणा हलला, कुठला तसाच आहे, आणि त्यावरून वर्षाचा पाऊस, पिकं, भाव सांगायचे. भाऊजी दरवर्षी पहाटे मोटरसायकलीवर मागे बसून ऐकायला जातात. यंदा गुडघ्यांनी नाही म्हटलं होतं, त्याची चुटपुट त्यांना होतीच.

"पिकाईचं पाहाचं असते ते, भाऊ," हे म्हणाले. "देशाईचं नाई."

"दाना दानाच असते. नाव आपुन देऊ ते."

मला वाटलं, गंधार हसण्यावारी नेईल. तो म्हणाला, "चालेल. बरोबरी फोडायला काहीतरी लागतंच." आणि मोबाइल खिशात घातला. एवढं शिकलेला मुलगा, पण पिंड इथलाच.

ऊन उतरल्यावर आम्ही घरामागच्या वावरात गेलो. भाऊजींनी रिंगण आखलं, खड्डा केला, घागर ठेवली. मी कुरडया-पापड दिले. जर्मनीला गहू. मागे पडलेल्या कॅनडालाही मसूर, कारण यांनी सांगितलं की आपण खातो ती बरीचशी मसूर तिकडूनच येते. न्यूझीलंडला तीळ, कारण नकाशावर तो तिळाएवढाच दिसतो.

"नियम ऐका," भाऊजी म्हणाले. "दाना बाहेर फेकल्या गेला तं तेजी. खड्ड्यात आला तं नुसकान. जागच्या जागी राह्यला तं साधारन."

बायकांनी रिंगणात पाऊल टाकू नये असं कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. टाकलेलंही कुणी नव्हतं. रेवती चप्पल काढून आत गेली.

"मामाजी, मला एक दाणा ठेवायचाय."

"ठेवा न," भाऊजी म्हणाले. "कोन्त्या देशाचा?"

"ओमान. मस्कत."

हे हसले. "मस्कतले? आपल्या इथचे वेल्डर-पेंटर पोट्टे जातात तिथं, सूनबाई."

"त्यांचेही खांदे दुखतात, काका."

"रेवा, ते आपल्या यादीत नाहीये," गंधार म्हणाला. रागाने नाही. वर्गात चुकीच्या बाकावर बसलेल्या मुलाला सांगतात तसं.

"म्हणूनच ठेवते."

"ठेवू दे बे," भाऊजी म्हणाले. "खेयच चालू हाय. कोन्तं धान्य देता त्याले?"

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओच्यात ज्वारी होती, मी तिला चिमूटभर दिली. तिने ती रिंगणाच्या कडेला ठेवली, बोटाने जरा दाबली, हात झटकला आणि बाहेर आली. परतताना ती गार्गीशी बोलत होती आणि गंधार दोघींच्या मागे एकटाच चालत होता.

सकाळी चहाआधीच सगळे वावरात. गंधार पुढे होता.

मसूर घागरीखालच्या खड्ड्यात, ओलीत गेलेली. "कॅनडा बुडाला," भाऊजींनी जाहीर केलं. तिळाच्या जागी काहीच नव्हतं. मुंग्यांची एक बारीक रांग बांधाकडे चाललेली. हे खाली वाकून म्हणाले, "न्यूझीलंड वारुळात गेलं." गव्हाचे दाणे मात्र रिंगणाबाहेर उडालेले होते, वाऱ्याने असेल नाहीतर उंदराने.

"तेजी!" भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "जर्मनीले तेजी हाय, पोट्ट्या!"

गंधारचा चेहरा एकदम लहान मुलासारखा खुलला, दहावीच्या निकालाला खुलला होता तसा. त्याने मोबाइल काढला. "ठरलं मग. आजच कळवून टाकतो."

"ज्वारी पाहायची राहिली," रेवती म्हणाली.

ज्वारी होती तिथंच होती. तिच्या बोटाचा दाब सुद्धा मातीत दिसत होता.

"साधारन," भाऊजी म्हणाले, आणि सुनेला वाईट वाटेल म्हणून पुढं जोडलं, "तेजी नाई, पन नुसकानबी नाई."

"मला साधारणच पाहिजे, मामाजी. मी मस्कतला जाते."

गंधार हसला. मग ती हसत नाही हे त्याला दिसलं. "अगं, तो दाणा आपण गमतीत ठेवला होता."

"मी नव्हता ठेवला गमतीत."

"रेवा, मी वर्षभर डोकं लावलंय याच्यावर. जर्मनीत गार्गी शिकेल. कुणाला रात्रीबेरात्री काही झालं तर दहा मिनिटांत दवाखाना आहे. मस्कतहून आपल्याला केव्हाही उठवतील. ही काय राहण्याची जागा आहे?"

"नाही. कायमची नाही. दवाखाना तिथंही आहे. पण तुझं बाकीचं खरं आहे, मी नाकारत नाही. मला फक्त त्या पक्क्या घरात तीन वर्षं बसून राहायचं नाही."

"तीनच वर्षं."

"तू बसशील?"

गंधारने वडिलांकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं. आणि मग रागावला की येते ती त्याची जुनी बोली त्याच्या तोंडून निघाली.

"मंग म्या काय करू तिथं?"

वावरात कुणी बोललं नाही. खरं म्हणजे बोलले, लगेचच बोलले. आमच्याकडे शांतता फार टिकत नाही.

"काय करशील म्हंजे?" हे म्हणाले. "आराम कर दोन वर्षं. अरबी शीक. चांगली भाषा हाय, उजवीकडून लिवतात." यांच्या मनात काही नव्हतं. काल सुनेला सांगितलं तेच पुतण्याला सांगत होते, आणि ते काल सांगितल्याचं यांना आठवतही नसावं.

"पोरीले शायेत पोचवशील," भाऊजींनी भर घातली. "फिरशील मोकया."

"बाबा, माझं काम आहे!" गंधार ओरडला. "पंधरा वर्षं केलंय मी ते काम!"

"मंग?" भाऊजी गोंधळले. "म्या कोठी नाई म्हटलं?"

गंधार रेवतीकडे वळला. रेवती त्याच्याकडे बघतही नव्हती. ती घागर उचलत होती. भरलेली घागर होती. त्याने पुढे होऊन ती तिच्या हातून घेतली, पाणी आंब्याच्या आळ्यात ओतलं आणि घरापर्यंत रिकामी घागर घेऊन गेला.  वाटेत त्याने विचारलेलं मला ऐकू आलं, "त्यांची मुलाखत किती वेळ चालली होती?" तिने सांगितलं. तो म्हणाला, "मी त्या दिवशी घरीच होतो का?" ती म्हणाली, "शेजारच्या खोलीत."

दुपारी उरलेल्या आंब्यांचा रस करायला बसलो. रेवती कोपरापर्यंत रसात. गंधार आतल्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याने साहेबाला फोन केला होता. जर्मनीची जागा वर्षभर थांबेल का, असं विचारलं होतं. साहेब म्हणाला, बघतो, पण शब्द देत नाही.

"क्लिनिकवाले तर स्पष्टच म्हणाले," रेवती म्हणाली. "थांबणार नाहीत."

"समजा जर्मनी गेलं हातचं..."

"जाऊ शकतं."

"आणि पुढं तुला मस्कत नको झालं?"

"होऊ शकतं. मग पुन्हा बघू, तुझा तक्ता आहेच. पण मलाही त्यात एक रकाना दे, आणि गुण मी देणार." तिने कोय पिळून बाजूला टाकली. "तू लगेच येऊ नकोस. इथलं काम सोडू नकोस घाईने. आधी मी जाते, गार्गी सहामाही परीक्षा संपली की येईल. तुला काय करायचं ते तू ठरव. मी तुझ्या वतीने ठरवणार नाही."

 मी त्याला आंबा दिला. तो बोटांनी दाबून दाबून माचवू लागला, लहानपणी माचवायचा तसा, देठाकडून सुरुवात करून.

"माझा फोन तिथं फळीवर आहे," रेवती म्हणाली. "त्यांना लिहून ठेवलंय पहाटेच. माझे हात भरलेत. वाच आणि तुला वाटलं तर पाठव. नाही वाटलं तर राहू दे, मी हात धुऊन पाठवते."

मला हे वाक्य फार आवडलं. त्याला परवानगी होती, काम मात्र तिच्याकडेच होतं.

त्याने आंबा ताटात ठेवला, बोटं पुसली, फोन घेतला. वाचायला वेळ लावला. इंग्रजी दोन ओळींचं असेल, पण तो शीतगृहाचा नकाशा तपासावा तसं वाचत होता.

"जूनमध्ये रुजू होते असं लिहिलंयस."

"हो."

"जूनमध्ये तिथं भट्टी असते, रेवा."

"माझे पेशंट आत असतात. एसीत."

"आणि ते एसी बंद पडले तर?"

"मग तुझ्यासारखा कुणीतरी लागेल त्यांना," ती म्हणाली. "चौकशी करून ठेवू?"

त्याला हसायचं नव्हतं. तोंडाच्या एका कोपऱ्यातून ते निसटलंच. मग तो परत पडद्याकडे वळला, सगळं पुन्हा एकदा वाचलं आणि अंगठ्याने बटण दाबलं. अंगठ्याला रस होता, पहिल्यांदा ते लागलं नाही. त्याने शर्टाला अंगठा पुसला आणि पुन्हा दाबलं.